दवबिंदूची वही

जिन्याची तिसरी पायरी चढतानाच विनीताबाईंना धुपाचा वास आला आणि त्या कठडा धरून जरा थांबल्या. आज सलग सातवा दिवस. सकाळी साडेसातला त्या गुडघ्याच्या व्यायामासाठी बाहेर पडायच्या, पावणेनऊला परत यायच्या, आणि गेला आठवडाभर घर असं धुपानं भरलेलं असायचं. त्या घरात नसताना धूप लावणारा माणूस एकच होता. त्या माणसानं बेचाळीस वर्षांच्या संसारात देवापुढं कधी उदबत्तीसुद्धा लावली नव्हती.

"देव आणि मी एकमेकांच्या कामात लक्ष घालत नाही," असं नरहरराव म्हणायचे. गणपतीत आरतीला उभे राहायचे ते प्रसादासाठी, आणि हे ते स्वतःच चारचौघांत सांगायचे.

आता बहात्तराव्या वर्षी ते धूप लावू लागले होते. विनीताबाईंनी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं तर ओशाळतील आणि बंद करतील, असं त्यांना वाटलं. देवघराच्या खणातला धुपाचा पुडा संपत आलेला दिसला तेव्हा त्या लखनौतल्या पत्रकारपुरमच्या दुकानातून मोठा पुडा घेऊन आल्या आणि गुपचूप त्याच जागी ठेवला. साताऱ्याच्या बहिणीला, माणिकला, त्यांनी फोन लावला.

"त्यांना काहीतरी सापडलंय गं. गेलं वर्ष फार वाईट गेलं. आता सावरतील असं वाटतंय."

"वाईट म्हणजे काय झालं होतं?" माणिकनं विचारलं.

"काही नाही. असंच," विनीताबाई म्हणाल्या.

ते काय होतं, हे त्यांनी बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

विनीताबाई लखनौला आल्या त्या चौऱ्याऐंशी साली, लग्न होऊन. नरहर मेढेकर तेव्हा रेल्वेच्या संशोधन कार्यालयात इंजिनियर होते आणि कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. विनीताबाईंचं हिंदी शाळेतल्या परीक्षांपुरतं. पहिल्याच थंडीत गच्चीवर वाळवण घालताना शेजारच्या श्रीवास्तवभाभींना त्या मोठ्या अगत्यानं म्हणाल्या, "यहाँ बहुत ऊन है, आप भी आइए ना."

भाभी आल्या त्या सुया आणि लोकरीचे तीन गुंडे घेऊन. म्हणाल्या, आपल्या ऊनचा रंग दाखवा. विनीताबाईंना विणता येत नव्हतं आणि चूक कबूल करायचा धीर झाला नाही, म्हणून त्या हिवाळ्यात त्या विणायला शिकल्या. पहिला स्वेटर नरहररावांचा. त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती.

त्या संध्याकाळी नरहरराव हसून हसून खुर्चीतून घसरले. मग त्यांनी एक जाड पुठ्ठा घेतला, त्यावर रेल्वेच्या पाटीसारख्या ठळक अक्षरांत 'धोक्याचे शब्द' असं लिहिलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागं टांगला. ऊन, इथे लोकर. धूप, इथे ऊन. शिक्षा, इथे शिक्षण. चेष्टा, इथे प्रयत्न. पाचवा शब्द त्यांचा स्वतःचा होता. साहेबांच्या घरी त्यांनी "मैं संशोधन में हूँ" म्हणून सांगितलं होतं, आणि हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, तेव्हा साहेबांच्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "अच्छा, तो आप क्या सुधारते हैं?" नरहरराव म्हणाले होते, "जो मिल जाए."

यादी वाढत वाढत अठरा शब्दांवर गेली. कणीक मळताना विनीताबाई ती म्हणायच्या. दोन-तीन वर्षांत तिची गरज उरली नाही. पुढं गोमती नगरात प्लॉट घ्यायचा ठरला, तेव्हा नरहरराव 'विपुल खंड' या भागासाठीच अडून बसले, कारण मुलाचं नाव विपुल. "मेढेकर साहब ने तो बेटे के नाम पूरा खंड लिखवा लिया," असं कॉलनीतले लोक म्हणायचे. नव्या घरात सगळं सामान आलं. पुठ्ठा आला नाही.

गेल्या मार्चमध्ये दारावर भाजीची गाडी आली होती. नरहररावांनी विचारलं, "कोबी कसा दिला?"

गाडीवाला पंधरा वर्षांचा ओळखीचा. म्हणाला, "बाबूजी आज मराठी में सब्ज़ी लेंगे?" तिघंही हसली. पण नरहररावांनी तो शब्द नंतर दिवसभर शोधला आणि त्यांना सापडला नाही. पत्तागोभी, असं विनीताबाईंनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हां, तेच." मग त्यांनी हिंदी पेपर बंद केला; अक्षर बारीक आहे म्हणाले. सोसायटीच्या मीटिंगला ते सगळ्यांत जास्त बोलणारे; आता नुसते मान डोलावून परत येऊ लागले. बँकेत खिडकीवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं, तेव्हा ते तिच्याकडे बघून फक्त हसले. ते हसू विनीताबाईंना चांगलं माहीत झालं. शब्द न कळलेल्या पाहुण्याचं हसू ते. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर ते चौऱ्याऐंशी साली होतं.

घरात मराठी नीट चालू होतं. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेली भाषा तेवढी निसटत होती, वरचा थर आधी जावा तशी. विनीताबाई बाहेर जाताना त्यांच्या अर्धं पाऊल पुढं चालू लागल्या आणि त्यांच्या आधी उत्तरं देऊ लागल्या. गुरुग्रामहून विपुलचा दर रविवारी फोन यायचा. "बाबा कसे आहेत?" "ठणठणीत." बापलेक मराठीत बोलायचे, त्यामुळं विपुलला काही कळायचं कारण नव्हतं.

लपवायचं ठरवून त्यांनी लपवलं असंही नाही. त्या मुलाला ओळखत होत्या. आईचा गुडघा दुखतो कळल्यावर त्यानं दोन दिवसांत तीन तपासण्या, दोन डॉक्टर आणि एक खाट ठरवली होती. याही गोष्टीला तो लगेच एक नाव आणेल, आणि एकदा नाव मिळालं की नरहरराव त्या नावाचे पेशंट होतील. तोपर्यंत ते शब्द विसरणारे नरहर मेढेकर होते. विनीताबाईंना तेवढ्यावर भागवायचं होतं.

धूप सुरू होण्याच्या थोडं आधी, फाल्गुनात एका दुपारी विपुलची मुलगी सानिका आली होती. ती लखनौलाच वनस्पतिशास्त्र शिकते, हज़रतगंजजवळ हॉस्टेलला राहते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. खाली ई-रिक्षा थांबवून ती धावत वर आली होती आणि तिच्या हातात प्लास्टिकचा पारदर्शक पेला होता. पेल्यात मुठीत मावेल एवढं रोप. चमच्यासारखी इवलीशी पानं, त्यांवर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. एका थेंबाला चिलट चिकटलं होतं.

"अगं, हा तर दवबिंदू," नरहरराव खुर्चीतून उठले. "आमच्या कासच्या सड्यावर पावसाळ्यात पायाखाली असतो. किडे खातो. आम्ही त्याला मुंग्या भरवायचो. पान कसं मिटतं ते बघत बसायचं, तास तास."

"आजोबा, आपको पता है?" सानिका खूश झाली. "फिर तो ये आपकी ड्यूटी. हॉस्टेल में इसका रोशनी वाला लैंप बंद करवा दिया, वायरिंग का कुछ लफड़ा है. और मैं तीन हफ़्ते टूर पे, पहाड़ में. सब इसमें लिख दिया है, बस उतना ही करना. पाडवे तक लौट आऊँगी."

मागच्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीत तिनं पेला ठेवला, चिठ्ठी आजोबांच्या हातात दिली आणि रिक्षावाला ओरडायच्या आत गेली.

नरहररावांनी त्याच संध्याकाळी कपाटातून एक जाड वही काढली. चिठ्ठी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवली. मग साठ पानांवर कोपऱ्यात एक ते साठ आकडे घातले. ही त्यांच्या ऑफिसातल्या तपासणीच्या रजिस्टरची पद्धत. पानांना आधीच नंबर, म्हणजे कोणी पान फाडू शकत नाही. चूक झाली तर गिरवायची नाही की खरडायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही, तारीख.

"रोपाला एवढं?" विनीताबाई म्हणाल्या.

"रोप असो की पूल, रजिस्टर ते रजिस्टर. आणि तू हात लावू नकोस. हे माझं काम आहे."

कितीतरी दिवसांनी ते 'माझं काम' म्हणाले होते. विनीताबाईंनी हात लावला नाही. चिठ्ठीही वाचली नाही.

धुपाच्या दहाव्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली नाही, म्हणून विनीताबाई आठलाच परतल्या. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ढकललं तर आत डोळे चुरचुरावेत एवढा धूर. खिडकी बंद, पडदा ओढलेला. स्टुलावर रोपाचा पेला, पेल्याशेजारी देवघरातलं पितळी धुपाटणं, आणि समोर खुर्चीवर नरहरराव. हातात घड्याळ, मांडीवर वही.

"अहो, हे काय?"

"थांब. पस्तीस मिनिटं राहिलीत."

"कशाची?"

"धुपाची. आज साठ मिनिटं. एक कांडी पंधरा मिनिटं जळते, मी मोजून बघितलंय. चार लागतात." मग जरा वैतागून म्हणाले, "पोरीनं सगळं लिहिलं, पण खिडकी उघडी ठेवायची की बंद ते लिहिलं नाही. मी बंद ठेवतो. वाऱ्यानं धूर जातो."

विनीताबाईंनी वही उचलली आणि पुठ्ठ्याची आतली बाजू उघडली. सानिकाचं गोल अक्षर. 'रोज़ सुबह धूप देनी है. पहले तीन दिन 15 मिनट, फिर हर तीन दिन में 15 मिनट बढ़ाना. दोपहर की धूप बिल्कुल नहीं. पानी सिर्फ़ RO का. खाद नहीं.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग "चहा टाकते" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवलं. दार लोटून दारामागं पाहिलं. तिथं फक्त ॲप्रनची खुंटी होती. ऊन, इथे लोकर. धूप, इथे ऊन. दुसरा शब्द. त्यांना तो ज्यानं पाठ करायला लावला, तो पलीकडच्या खोलीत घड्याळ लावून रोपाला धुपाचा धूर देत होता. आणि आपण त्याला मोठा पुडा आणून दिला. आधण उतू गेलं तेव्हा त्या भानावर आल्या.

नरहरराव अंघोळीला गेल्यावर त्यांनी पडदा सरकवून रोप नीट पाहिलं. पानं लांबट आणि फिकट झाली होती. थेंब दिसत होते ते गढूळ, आणि त्यांवर काजळीचे बारीक कण. एक पान पेल्याच्या काठावर टेकलं होतं. दहा दिवसांत त्याला सूर्य म्हणून दिसला नव्हता.

त्यांनी सानिकाला निरोप लिहिला, 'रोप जरा फिकट वाटतंय. आता बाहेर ठेवू का?' पहाडात नेटवर्क नव्हतं. संध्याकाळी ते मिळालं तेव्हा तिचा व्हॉइस मेसेज आला.

"फिकट? आजी, दस दिन की धूप में तो लाल होना शुरू हो जाना चाहिए था. एकदम से बाहर मत रख देना हाँ, जल जाएगा. पुराने पत्ते नई रोशनी नहीं सीखते, वो जैसे हैं वैसे ही रहते हैं. जो नया पत्ता निकलेगा ना, वो सीखके आएगा. पंद्रह मिनट से फिर शुरू करो. और फोटो भेजो ना."

विनीताबाईंनी फोटो पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायामाला न जाता त्या नरहररावांच्या शेजारी बसल्या. कसं सांगायचं याचा रात्रभर विचार केला होता. तोंडातून सरळच निघालं.

"अहो, सानिकाच्या चिठ्ठीतला धूप म्हणजे आपलं ऊन."

"मला माहीत आहे," नरहरराव ताबडतोब म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी पाहिली. मग धुपाटण्याकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पुठ्ठ्यावर दुसरा शब्द होता."

"हो."

"तुला पाठ व्हायला आठवडा लागला होता."

"चार दिवस," विनीताबाई म्हणाल्या.

त्यांनी पेन मागितलं. पान एक. 'धूप १५ मि. एक कांडी. धूर समाधानकारक.' त्यावर पट्टी ठेवून त्यांनी एक रेघ मारली, खाली लिहिलं 'ऊन शून्य मिनिटं', सही केली, तारीख घातली. पान दोन. पान तीन. दहा पानं झाली. विनीताबाईंच्या मनात आलं होतं की ही पानं फाडून टाकावीत, पण नंबर होते.

पेनाचं टोपण लावून ते म्हणाले, "विपुलला कळू द्यायचं नाही."

"बरं," विनीताबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोप पूर्वेच्या गॅलरीत जाऊ लागलं. विनीताबाईंनी गॅलरीच्या दारावर एक कार्ड चिकटवलं, 'ऊन, १५ मिनिटं, सकाळी आठ.' मराठीत, म्हणजे घोटाळा नको. बख्शी का तालाब गावाहून कामाला येणारी यमुना फरशी पुसता पुसता ते वाचून थबकली.

"अम्मा, गरमी सिर पे आ गई और आप पौधे को ऊन पहनाएँगी? पंद्रह मिनट का स्वेटर?"

विनीताबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी भिंतीला हात टेकला. यमुनाही पोछा धरून हसत सुटली. आतून नरहररावांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

विनीताबाईंनी सांगितलं. ते ऐकून नरहरराव हसले. बँकेतलं हसू. विनीताबाईंचं हसणं तिथंच थांबलं. तो विनोद बेचाळीस वर्षं त्यांचा होता. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेच तो सांगायचे, लोकरीच्या तीन गुंड्यांसकट.

तीन दिवस सगळं ठरल्याप्रमाणं झालं. चौथ्या दिवशी सकाळी विपुलचा फोन आला.

"आई, पाडव्याच्या आदल्या दिवशी येतोय. सानिका सांगत होती, ते किडेखाऊ झाड बाबांकडे दिलंय म्हणे. जगवलंय का?"

"लालभडक झालंय," विनीताबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांना आपल्या बोलण्याची भीती वाटली. झाड लाल नव्हतं. सानिका आल्या आल्या ओळखणार, विचारणार, आणि नरहरराव तिच्यापुढं हिंदी शब्द शोधत उभे राहणार. हातात आठ दिवस. अकराच्या सुमारास नरहरराव पडले होते तेव्हा त्यांनी पेला गॅलरीत नेऊन उन्हात ठेवला. जरा जास्त ऊन मिळालं तर रंग लवकर येईल, एवढाच विचार. कुकर लावला, गुडघ्याला शेक घेतला, आणि एक वाजता आठवलं.

पानांच्या कडा तळलेल्या मेथीसारख्या झाल्या होत्या. एकही थेंब उरला नव्हता.

नरहरराव मागं येऊन उभे राहिलेले त्यांना कळलं नाही. त्यांनी पेला सावलीत आणला, बशीत पाणी घातलं आणि वही घेऊन बसले.

"किती वेळ?"

"दोन तास. भर दुपारी."

पान चौदा. 'ऊन १२० मि. दुपारचं. ठेवणार: विनीता. कारण:' इथं ते थांबले. "कारण?"

"घाई."

त्यांनी 'घाई' लिहिलं. "सही कर."

विनीताबाईंनी सही केली.

"कसली घाई?"

"विपुलला सांगून बसले, लालभडक झालंय म्हणून."

नरहररावांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "म्हणजे माझं झाकायला तू रोप भाजलंस," ते म्हणाले. रागानं नाही, रजिस्टरमध्ये नोंद वाचावी तसं. विनीताबाईंना वाटलं, रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

'उन्हाचा जरा त्रास झालाय' एवढंच विनीताबाईंनी कळवलं, आणि सानिकाचा निरोप आला, एक दिवस सावली, मग पुन्हा पंधरा मिनिटांपासून. कारण तिनं विचारलं नाही, आणि विनीताबाईंनीही सांगितलं नाही. रोज सकाळी आठला दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून बसत. नरहरराव घड्याळ बघत. विनीताबाई रोपाचा मधला भाग बघत, कारण नवं पान आलं तर तिथून येणार होतं. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. नरहररावांनी भिंग आणलं, पाहिलं आणि वहीत 'बहुधा पान' असं लिहिलं.

पाडव्याच्या सकाळी विपुलनं गॅलरीत गुढी बांधली. तो आणि सानिका आदल्या संध्याकाळी आले होते. सानिका थकून जेवल्या जेवल्या झोपली होती, रोप तिनं पाहिलं नव्हतं. आठ वाजता नरहररावांनी पेला नेहमीच्या जागी आणून ठेवला आणि घड्याळ पाहिलं. आज पंचेचाळीस मिनिटं. सानिका कडुनिंबाचं वाटण तोंड वाकडं करून गिळत बाहेर आली आणि पेल्यापाशी उकिडवी बसली.

सात पानं तपकिरी होऊन मातीला चिकटली होती. मधोमध एकच पान उभं होतं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, कडेला तांबूस, आणि त्यावर मोजून पाच थेंब.

"आजोबा, ये वाला तो एकदम अभी का है," ती म्हणाली. "बाकी सब? ये जले कैसे?"

"आई तर लालभडक म्हणाली होती," विपुल गुढीची गाठ आवळत म्हणाला. "आई, लखनौला राहून तूही नवाबी गप्पा मारायला लागलीस."

विनीताबाईंकडे उत्तर तयार होतं. आपणच दुपारी ठेवलं, आपल्यामुळं जळलं. पान चौदावर सहीसुद्धा होती. खोटं नव्हतं ते, आणि पुरलं असतं. सानिका लाडानं रागावली असती, विपुल हसला असता, श्रीखंड वाढलं गेलं असतं आणि रविवारच्या फोनवर पुन्हा ठणठणीत.

"आजोबा? बताओ ना."

नरहररावांनी नातीकडे पाहून ओठ हलवले. शब्द आला नाही. मग ते हसू यायला लागलं, बँकेतलं, आणि विनीताबाईंना ते या मुलीसमोर पुरं होऊ द्यायचं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "वही दाखवू?"

खाली रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"पानांना नंबर आहेत," नरहरराव शेवटी म्हणाले. "पहिल्यापासून वाच म्हणावं त्याला. मधूनच उघडू नको."

विनीताबाईंनी वही आणून विपुलच्या हातात दिली. त्यानं हात पुसले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"पान एक. धूप पंधरा मिनिटं. एक कांडी. धूर समाधानकारक." तो हसला. "बाबा, धूप म्हणजे... अहो, हा काय विनोद? तो आईचा ऊनवाला किस्सा आहे, तसा?" त्यानं पान उलटलं. "पान दोन. धूप पंधरा मिनिटं. खिडकी बंद ठेवली." पुन्हा उलटलं. रेघ, सही, 'ऊन शून्य मिनिटं'. पाचव्या पानापासून तो मनात वाचू लागला. सानिकाला आजोबांचं मराठी अक्षर भराभर लागत नव्हतं. ती बापाच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "क्या लिखा है, पापा?"

विपुलनं पान चौदापर्यंत वाचलं, तिथली आईची सही बघितली आणि वही मिटून बोट आत तसंच ठेवलं.

"कधीपासून, आई?"

"गेल्या मार्चपासून," विनीताबाई म्हणाल्या. "भाजीवाल्यापासून सांगते. बस तू."

तो गुढीखालच्या स्टुलावर बसला. विनीताबाईंचा गुडघा ठणकत होता, तरी त्या उभ्याच राहिल्या. कोबीपासून सुरुवात केली. नरहरराव मधे एकदा म्हणाले, "बँकेचं राहिलं," आणि त्यांनी बँकेचंही सांगितलं. विपुलनं खिशातला फोन काढला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. उद्या काढेल. डॉक्टर, तपासण्या, गुरुग्राम, सगळं येईल. त्याला आता थांबवता येणार नव्हतं, आणि आपण थांबवायचं का होतं, हे त्यांना बोलता बोलता नीटसं आठवेना.

नरहररावांनी घड्याळ पाहिलं.

"तुम्ही बोलत बसा," ते म्हणाले. "पंचेचाळीस झाली."

त्यांनी दोन्ही हातांनी पेला उचलला. सानिका उठून दार उघडायला पुढं झाली. दारावरचं कार्ड तिनं तेव्हा पाहिलं, वाचलं, आणि आजोबांना वाट देत तिनं तो शब्द जपून, एकेक अक्षर जमवून म्हटला.

"आजोबा, ऊन... ऊन झालं?"

"आजचं झालं," नरहरराव म्हणाले आणि रोप घेऊन आत गेले.